कमांडवाला भाऊ

समुद्रपुरात झेरॉक्सच्या दुकानात बसणारे पुष्कळ, पण कमांडवाला भाऊ दुरूनच ओळखू येतो. पडदा काळा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि माऊस कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि गावोगावची पोरं क्लिक करायला शिकली. भाऊही शिकला, पण पुढे लिनक्सच्या नादी लागला आणि क्लिकवाल्यांना त्याने कायमचं पंगतीबाहेर बसवलं.

नंदोरीचा एखादा शेतकरी पेन ड्राइव्हमध्ये सातबारा घेऊन येतो. फाइल उचलून ठेवणं, दोन क्लिकांचं काम. भाऊ लांबलचक ओळ टाइप करतो, एंटर मारतो. पडदा ढिम्म.

"झालं का, भाऊ?"

"झालं."

"मंग ते काही बोलत काहून नाई?"

"चुकलं तरच बोलते. काम झालं का चूप रायते."

शेतकऱ्याला हे पटत नाही. आजवर त्याने पाहिलेल्या कचेऱ्यांत समोरचा चूप राहिला म्हणजे काम अडलेलंच असे.

भाऊ शिकवण्याही घेतो. पहिल्याच दिवशी पोरगा पासवर्ड टाकतो. पडद्यावर ना अक्षर, ना ठिपका. "भाऊ, कीबोर्ड गेला!" भाऊ प्रसन्न होतो. पासवर्ड किती लांबीचा, हेही शेजाऱ्याला कळू नये म्हणून ही सोय, असं सांगून तो एलएस, सीपी, आरएम ही कमांडची नावं एवढी आखूड का, याकडे वळतो. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा टेलिटाइप यंत्र खडखडत एकेक अक्षर कागदावर उमटवायचं. म्हणून अक्षरांची काटकसर. गिऱ्हाईक जामची गाडी चुकेल म्हणून घड्याळ बघतं, भाऊ १९६९ मधून हलत नाही.

पण शाळेतून पाचशे फोटो आले आणि प्रत्येकाचं नाव बदलायचं असलं, की बाकी दुकानदार दिवसभर क्लिक करतात; भाऊ एका ओळीत मोकळा. नको त्या फायली पुसतानाही तो घाई करत नाही. पुसणाऱ्या आरएमच्या ओळीत ‘सगळं’ या अर्थाचा तारा आणि डॉट जेपीजी यांच्यामध्ये नुसती एक मोकळी जागा पडली, तर फोल्डरमधल्या सगळ्या फायली जातात, आणि तिथे कचरापेटी नसते. म्हणून आरएमच्या जागी नुसती यादी दाखवणारं एलएस लिहून काय काय पुसलं जाईल ते तो आधी वाचतो, मगच आरएम लिहून एंटर.

तेव्हा एका प्रिंटसाठी भाऊकडे जाऊ नका. पाचशे फायली असतील तर मात्र दुसरीकडे जाऊ नका.