मधला रस्ता ओलांडला की परराज्य

जिणं शिळं झालं की गाव बदलावं, हा सल्ला माळव्यात सहाशे वर्षं जुना आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला होशंगशाहाने राजधानी धारहून मांडूला नेली. खरं कारण डोंगरी किल्ल्याची मजबुती. पण मांडूला नाव मिळालं शादियाबाद, म्हणजे आनंदनगरी. धारपासून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर आनंद! हल्लीचे बिल्डर याच वंशातले असावेत. पुढे याच आनंदनगरीत गियासुद्दीन खिलजीने कारभार मुलाच्या गळ्यात घालून ऐष केली, आणि त्याच मुलाने त्याला विष घातलं म्हणतात. आनंदाची पाटी लावणं सोपं असतं.

माळव्यातल्याच देवासला तर एवढीही यातायात नव्हती. पवारांची दोन राज्यं एकाच गावात: थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन दरबार. मधला रस्ता ओलांडला की परराज्य! एवढी सोय असूनही देवासकर रोज उत्साहाने न्हाऊन निघत होते, अशी नोंद कुठे सापडत नाही.

थोरल्या पातीत १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर नावाचा इंग्रज लेखक तुकोजीराव महाराजांचा खाजगी सचिव म्हणून आला. पेटीत भारतावरच्या, अडकून पडलेल्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं होती. भारतातच बसल्यावर लेखणी धावेल, असा हिशेब. पण हाती आली बागांची, मोटारींची आणि वीजघराची देखरेख. कादंबरी जागची हलली नाही. ‘अ पॅसेज टू इंडिया’ पूर्ण झाली ती इंग्लंडला परतल्यावर, १९२४ साली. महाराजांनीही पुढे गाव बदललं. खजिना आटला, संस्थान मागे टाकून ते पाँडिचेरीला गेले आणि १९३७मध्ये तिथेच वारले. पळसाला पाने तीनच, मग तो देवासचा असो की पाँडिचेरीचा.

हवापालट लाभला म्हणावा असा माणूस देवासला आला १९४८च्या जानेवारीत, आणि तो उत्साहबित्साह शोधायला आलेला नव्हता. कुमार गंधर्वांना क्षय झाला होता. वय तेवीस. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून कोवळ्या वयात नाव कमावलेलं. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली आणि गाणं बंद केलं. गवयाचं गाणं बंद! पत्नी भानुमतीबाई शाळेत शिकवायच्या, आणि हे खाटेवर पडून. नव्या गावी निघालेला आजचा माणूस आधी विचारतो, तिथे काय काय करता येईल? कुमारांना काहीही करता येत नव्हतं. ऐकता तेवढं येत होतं.

मग त्यांनी ऐकलं. लग्नाकार्यातली, ऋतूंची, माळवी बायकांच्या तोंडची गाणी. नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं. यातली एकही गोष्ट देवासात नवी नव्हती. देवासकरांच्या कानांना ती इतकी सवयीची होती की ऐकूही येत नसावी. दुसऱ्यांच्या रोजच्या रहाटगाडग्यातून या माणसाने लगनगांधारसारखे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग काढले आणि १९६५ला ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक दिलं. स्ट्रेप्टोमायसीनने प्रकृती सावरली, १९५३च्या सुमारास मैफली पुन्हा सुरू झाल्या. आणि तरीही त्यांनी मुंबईला बिऱ्हाड हलवलं नाही, हे मला रागांइतकंच थोर वाटतं. देवासातली माताजींची तीच टेकडी, तेच गाव, १२ जानेवारी १९९२ पर्यंत. चव्वेचाळीस वर्षं! आपण याला साचलेपण म्हणतो आणि त्यावर उतारा म्हणून गोव्याची तिकिटं काढतो.

आता देवासात कारखाने आहेत, नोटांचा सरकारी छापखाना आहे. रोज कोरं करकरीत काही निघत असेल तर ते तिथे. छापणाऱ्यांना त्याचाही कंटाळा येतच असणार. धार-देवासची मराठी पोरं इथे जीव रमत नाही म्हणून पुण्याला जातात, आणि हिंजवडीत जीव रमत नाही म्हणून पुण्याची पोरं पावसाळ्यात मांडूला येतात. दोघांच्याही कानांत इअरफोन. माळवी बायका आजही गात असतील, पण ते ऐकायला इअरफोन काढावे लागतात.

असाच एक हिंजवडीकर परवा विचारत होता, देवासला राहून माणूस आतून बदलतो म्हणतात, खरं का? खरंय, म्हटलं, पाचेक वर्षं गप्प पडून राहायची तयारी हवी.

‘पाच वर्षं?’ तो म्हणाला. ‘रजा चार दिवसांची आहे, त्यात एक दिवस जायचा नि एक यायचा.’