ओट्यापुढची भुई

आमच्या कॅरव्हॅनमध्ये शेगडीपुढे उभं राहिलं की माणूस बोटभर बुटका होतो. ही गोष्ट मला पाच वर्षं ठाऊक नव्हती, कारण पाच वर्षांत मी तिथं उभाच राहिलो नव्हतो.

कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. इंग्लंडात राहायला आलं की काही आजार हळूहळू जडतात: हवेवर बोलणं, कुणी न सांगता रांग लावणं. कॅरव्हॅन हा त्यांतला शेवटचा आणि सगळ्यांत खर्चिक. याचे आद्य रुग्ण डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून 'वाँडरर' नावाचं घोड्यांनी ओढायचं घर निव्वळ हिंडण्यासाठी बांधून घेतलं. सोबत गाडीवान, नोकर, कुत्रा आणि पोपट. त्या घरात चहा कोण करत होतं, हे डॉक्टरांना विचारायची गरज नाही. माझ्याकडे नोकर नाही, पोपटही नाही. लीड्सच्या घरापुढे उभी असलेली १९९८ सालची कॅरव्हॅन आहे आणि बायको आहे.

"अहो, इथं जमीन दबतेय," ती व्हिटबीच्या मुक्कामात म्हणाली.

"छे!" मी सोफ्यावरून निकाल दिला. माझ्या पायाखालची जमीन शाबूत होती.

तिनं काही न बोलता किटली माझ्या हातात दिली. मी ओट्यापुढे गेलो. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज झाला आणि मी अलगद खाली गेलो.

या गाड्यांची जमीन म्हणजे सँडविच. वर पातळ प्लायवूड, खाली पातळ प्लायवूड, मध्ये लाकडी पट्ट्या आणि थर्माकोलच्या जातीचा फोम. होय, आपल्या मखराचा नातेवाईक. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली आणि इथं मी त्याच्या भावकीवर संसार मांडून बसलो होतो. हे तिन्ही थर डिंकानं एकमेकांना धरून असतात तोवर जमीन दणकट. वर्षानुवर्षं एकाच जागी पाय पडले की डिंक सुटतो आणि मग प्रत्येक थर आपापला विचार करू लागतो. जमीन सुटते ती बहुतेक दाराशी आणि ओट्यापुढे. सोफ्याखाली सहसा सुटत नाही. कॅरव्हॅन जुनी झाली की घरात कोण उभं असतं आणि कोण बसलेलं, याचा पंचनामा तिच्या तळाशी लिहिलेला सापडतो.

शेजाऱ्याकडून ओल मोजायचं यंत्र आणलं. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या. आकडा १५ टक्क्यांच्या आत! म्हणजे लाकूड कुजलं नव्हतं, नुसतं सुटलं होतं. तीसच्या पुढे गेला असता तर हा लेख विनोदी झाला नसता. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं सांगितलेल्या रकमेत चिपळूणला जाऊन-येऊन दोन तिकिटं बसत होती. तेव्हा चिपळूणला नुसता व्हिडिओ कॉल केला.

"भुई पोकळ झाली तर चोपायची आणि सारवायची. त्यात काय रे एवढं?" आई म्हणाली. तिला थर्माकोल दाखवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "यापेक्षा शेण बरं."

माझा पहिला विचार फेव्हिकॉलचा होता. पण तो वाळतो पाणी उडून गेल्यावर, आणि दोन प्लायवूडच्या मध्ये कोंडलेलं पाणी उडून जाणार कुठं? पॉलिस्टर रेझिन स्वस्तात मिळत होतं, पण ते थर्माकोल खातं. हे ज्ञान मला गणेशोत्सवानं दिलंय. मंडळाच्या मखराला एका वर्षी उत्साहानं ऑइलपेंट फासला तेव्हा महिरपीची चाळण झाली होती. उरलं इपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटचा पातळ भाऊ. दोन बाटल्या, ठरलेल्या प्रमाणात मिसळायच्या.

दादरला असताना मी भिंतीत खिळा ठोकला नव्हता. इथं इपॉक्सी आत सोडायला स्वतःच्याच जमिनीत दहा-दहा सेंटिमीटरवर ५४ भोकं पाडली. वरचं प्लायवूड भेदायचं, पण तळाच्या प्लायवूडला लागायचं नाही. म्हणून ड्रिलच्या बिटला खुणेची चिकटपट्टी गुंडाळली होती. सतराव्या भोकाला ती घसरली आणि बिट आरपार गेलं. तिथून मला आमच्या अंगणातलं गवत दिसलं. खालून चिकटपट्टी मारली आणि हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

मग वेळ वाचावा म्हणून मी दोन्ही बाटल्या एका कपात एकदमच मिसळल्या. इपॉक्सी घट्ट होताना तापतं, आणि ढीग जितका मोठा तितकं जास्त. सिरिंजनं आठवं भोक भरेपर्यंत कप हातात धरवेना. दहाव्याला त्यातून वाफा निघाल्या. बाराव्याला सिरिंजसकट दगड! तो कप आता दाराला अडसर म्हणून वापरतो. पुढचं पार्सल आल्यावर घोट-घोट मिश्रण करून प्रत्येक भोकात सोडलं, त्यात लाकडी खुंट्या ठोकल्या, वर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि त्यावर फळी ठेवली. खालून दुसरी फळी जॅकनं टेकवली, नाहीतर वरच्या वजनानं सगळं सँडविचच खाली झुकलं असतं. वजनाला काय? गाडीचं ४० लिटरचं पाण्याचं पिंप, कणकेच्या दोन गोण्या, एक बासमतीची आणि वर तूरडाळ. शेजारी डोकावला आणि दुष्काळ पडणार आहे का, असं त्यानं फार अदबीनं विचारलं.

चोवीस तासांनी धान्य उतरवलं, खुंट्यांची डोकी कापली, पॉलिशपेपर मारला. मी नाचून पाहिलं. जमीन हलली नाही.

"नाचून काय कळतंय?" बायको म्हणाली. "ती उभं राहून खराब झाली होती. उभं राहून बघा."

तेव्हापासून कॅरव्हॅनमधला सकाळचा चहा माझ्याकडे आहे. चाचणी म्हणून.

परवा सोफ्यावरून आवाज आला, "दबते का हो?"

"नाही!"

"मग आलं जरा जास्त ठेचा."