सालामांकात पहिले आठ दिवस : नाशिककरांसाठी

स्पॅनिश शिकायला सालामांकाला निघालात ना? तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं आहे, ते कुठे पळून जात नाही. आधी घर सांभाळा.

माद्रिदहून अडीच तास बसने गेलात, की जिच्याकडे राहायचं ती सेन्योरा दार उघडेल. पहिला अपघात इथेच होतो. तुम्ही पाया पडायला वाकता आणि नेमकी त्याच क्षणी ती गालाला गाल लावायला पुढे होते. तुमचं डोकं, तिची हनुवटी. माझ्या वेळी तर तिची जीभ चावली गेली. तेव्हा वाकू नका. ताठ उभं राहून गाल पुढे करा, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि पाप्याचा आवाज हवेतच काढा.

बूट दाराशी काढून अनवाणी आत शिरलात, तर ती सपाता घेऊन मागे धावेल. गार फरशीवर अनवाणी फिरलं की सर्दी होते, हे तिथलं घरगुती वैद्यक. वाद घालू नका. आजीशी घातला होता का कधी?

तिला 'तू' म्हणा. स्पॅनिशमध्येही तू म्हणजे तूच, उच्चारासकट. साठीच्या बाईला अगं-तुगं कसं करायचं म्हणून 'उस्तेद' म्हणालात, तर मी काय इतकी म्हातारी दिसते, म्हणून फुगून बसेल. आईला नाही का आपण तू म्हणत!

नावाची तयारी मात्र नाशिकहूनच करून जा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. समजा तुम्ही सायली रमेश पाटील. कचेरीतला माणूस रमेश हे पहिलं आडनाव धरणार आणि पाटील हे आईकडचं. मग वर्षभर तुम्ही सेन्योरिता रमेश. समजावून सांगायला गेलात, तर तो आईचं माहेरचं आडनाव विचारेल. आपल्याकडे हा प्रश्न सोयरीक जमवताना निघतो, त्यामुळे दचकायला होतं.

आता जेवण. 'मी शाकाहारी' म्हटल्यावर सेन्योरा प्रेमाने मान डोलावते आणि मसुराच्या आमटीत चोरिथोचे तुकडे घालून आणते. बऱ्याच घरांत हॅम आणि सॉसेज मांसात धरतच नाहीत. हॅमसाठी नावाजलेलं गिहुएलो याच प्रांतातलं, त्यामुळे डुकराची अख्खी तंगडी ओट्यावर स्टँडला लावलेली दिसली तर किंचाळू नका. एकेक नाव घेऊन नकार द्या: हामोन नको, चोरिथो नको, पोयो (कोंबडी) नको, आतून (टूना मासा) नको. 'पान' बिनधास्त घ्या, तो पाव आहे.

दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊला. सप्टेंबरात नाशिक साडेतीन तास पुढे असतं. आई रात्री दहाला फोन करते, तेव्हा तुमच्याकडे साडेसहा.

"जेवलीस का?"

"अजून नाही गं."

झालं, तिची झोप उडाली. तुम्ही जेवून उठता तेव्हा गंगापूर रोडवर दीड वाजलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि प्रकरण आणखी चिघळतं. पहिला आठवडा सरळ 'जेवले' म्हणून सांगा. हे खोटं माफ असतं.

आठवड्याच्या शेवटी कधीतरी तोर्तिया होईल. मेक्सिकोची पोळी नव्हे, बटाटा घालून केलेलं जाडजूड ऑम्लेट. त्यात कांदा घालायचा की नाही, यावरून स्पेनमध्ये घराघरात दोन पक्ष आहेत. सेन्योरा एका पक्षात, तिचा नवरा दुसऱ्या, आणि निकाल पाहुणीवर सोपवतील. व्याकरण चुकलं तरी चालेल, पण आपण लासलगावच्या जिल्ह्यातले आहोत हे विसरू नका. कांद्याला 'थेबोया' म्हणतात.