मुंबईकडे तोंड करून

रत्नागिरीकराला मुंबईकडे तोंड करून बसण्याची सवय काही दूरदर्शनने लावली नाही. मनीऑर्डर तिकडून यायची, चाकरमानी तिकडून यायचे, गणपतीत जमिनीच्या हिश्श्यावरून भांडणारे चुलतेही तिकडचेच. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, तेव्हा आता चित्रंही तिकडूनच येणार हे ओघानेच आलं.

अडचण पृथ्वीची होती. मध्ये सव्वादोनशे किलोमीटरचं हवाई अंतर, आणि पृथ्वी वाकली तरी टीव्हीच्या लहरी फारशा वाकत नाहीत. अगदी कोकणी स्वभाव.

मग घरोघरी संशोधन. मुंबईचा चॅनल चौथा, ६१ ते ६८ मेगाहर्ट्‌झचा. लहर साडेचार मीटरहून थोडी लांब, अँटेनाची मुख्य दांडी तिच्या निम्मी. हे गणित विज्ञानाच्या मास्तरांपुरतं. बाकीचे साडेसात फूट अ‍ॅल्युमिनियमची नळी कापून मोकळे व्हायचे. मागे एक लांब दांडी, पुढे आखूड आखूड. ही रचना १९२६ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या उडा आणि यागी यांनी मांडली. खपले मुख्यतः उडा, पण जगाने लक्षात ठेवलं यागींना.

आमच्याकडे उडा म्हणजे पुतण्या. तो कौलांवर, काकू खिडकीत, काका खुर्चीत.

"दिसतंय काय?"

"आवाज येतोय, माणसं नाय! जरा मिऱ्याकडे फिरव!"

पुतण्याचा हात नळीवर असेतो चित्र लख्ख, हात काढला की मुंग्या. कारण माणूसही थोडाफार वीजवाहकच. त्यामुळे सगळं घर 'छायागीत' बघायचं आणि पुतण्या ते वरून नुसतं ऐकायचा. फुकटच्या टीव्हीचं बिल कोणीतरी भरतच असतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला समुद्रावर गार दमट हवेवर कोरड्या गरम हवेचा थर बसला, की लहरी त्यात अडकून शेकडो मैल जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला अशानेच अरबस्तानाचे प्रतिध्वनी मिळाले होते. ज्या घरातला मुलगा आखातात गेलेला, तिथे एखाद्या रात्री पडद्यावर अरबी निवेदक उगवला तर कोणी चॅनल बदलत नसे, भाषेचं ओ की ठो कळत नसलं तरी.

बाकी खारा वारा जोड खायचा आणि वानरं दांड्यांना लोंबकळायची. पुढे ठिकठिकाणी छोटे प्रक्षेपक आले, मग केबल आली. २०२२ पर्यंत दूरदर्शनने जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बहुतेक बंदच केले. आता फुकट हवं तर फ्री डिशची छत्री. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर, म्हणजे रत्नागिरीतून आग्नेयेला. मुंबईकडे चक्क पाठ!

काकूंकडे छत्री बसवायला आलेल्या पोराने आग्नेयेला पाहिलं आणि म्हणाला, फणस आड येतोय, तोडावा लागेल.

"कापा आहे मेल्या तो," काकू म्हणाल्या. "बातम्यांसाठी तोडू?"