धनिष्ठेवर पालेर्मोची पाटी

धनिष्ठा नक्षत्रातल्या दोन ठळक ताऱ्यांची अधिकृत नावं आहेत सुआलोसिन आणि रोतानेव्ह. रोमन लिपीत ती उलटी वाचली की निघतं निकोलाउस व्हेनाटॉर, म्हणजे पालेर्मो वेधशाळेतले सहायक निक्कोलो काच्चातोरे यांच्या नावाचं लॅटिन रूप. १८१४च्या तिथल्या तारकासूचीत ही नावं छापली गेली, पुढे रुळली आणि आता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या यादीतही आहेत. वेदांगज्योतिषात युगाचा आरंभ ज्या नक्षत्रापासून मोजला, त्याच्यावर ही पाटी!

प्रमाणीकरणाला माझा विरोध मुळीच नाही. १९२२ साली रोममध्ये ८८ तारकासमूह ठरले आणि १९३० साली बेल्जियमच्या देलपोर्त यांनी आखलेल्या हद्दी छापल्या गेल्या, ते गरजेचंच होतं. रूपविकारी ताऱ्याचं नाव तारकासमूहावरून पडतं; हद्दच नक्की नसेल तर एकाच ताऱ्याची दोन नावं व्हायची. ताऱ्यांच्या रूढ नावांकडे मात्र संघटना २०१६मध्ये वळली. त्यासाठी कार्यगट नेमला गेला.

जगभर रुळलेलं नाव सहसा हलवायचं नाही, हे कार्यगटाचं धोरण. म्हणून चित्रा तिथे स्पायका आहे, स्वाती आर्क्टुरस. त्यावर रुसण्यात अर्थ नाही. पण ज्या ताऱ्यांना रूढ नाव नव्हतं, तिथे वेगवेगळ्या संस्कृतींतली नावं घेतली गेली. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची आली, माया लोकांची आली. आपली भरणी आली, रेवतीही आली. टिळक पंचांग ज्या मंद ताऱ्यापासून राशिचक्र मोजतं, तोच हा रेवतीचा तारा. ग्रंथांत त्याची जागा नोंदलेली होती, म्हणून तो ओळखता आला.

आणि जे ग्रंथांत नाही, त्याचं काय? मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या अभ्यासकांनी विदर्भातल्या गोंड गावांत जाऊन तिथलं आकाश नोंदवलं. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, तिथे गोंडांना खाट दिसते आणि ती चोरायला आलेले तीन चोर. किती जिवंत आकाश आहे हे! असं काम कोकणच्या कोळीवाड्यांत, सातपुड्यातल्या पाड्यांवर, धनगरांच्या वाड्यांवर व्हायला हवं, आणि लगेच. रात्री आभाळ बघून वेळ सांगणारी पिढी आता थकली आहे.

आकाशदर्शनाचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळांनो, यंदा दुर्बिणीबरोबर वहीही न्या. गावातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवा. नुसतं नाव लिहून थांबू नका. नेमका कोणता तारा, कोणत्या महिन्यात, रात्रीच्या कितव्या प्रहरी, हे नकाशावर खूण करून नोंदवा आणि छापा.