पाऊस पडून राहिला

पुण्यात जपानी शिकायला गेलो, तर बाईंनी जपानीआधी माझं मराठीच तपासायला घेतलं. "काय चाललंय?" असं त्यांनी विचारलं की मी इमानेइतबारे "वाक्यं लिहून राहिलो" म्हणायचो आणि वर्गात खसखस पिकायची. "लिहून कुठे राहिलास? भाड्याने?" बाई विचारायच्या. नागपूरचा माणूस खाऊन राहतो, झोपून राहतो, एवढंच काय, येऊन राहिलो म्हणत तासभर येतच नाही. पुण्याला आमच्या या राहण्याची फार काळजी.

मग 'तबेते इरु'चा धडा आला. 'तबेते' म्हणजे खाऊन, 'इरु' म्हणजे असणं, राहणं. खाऊन राहिलो! पुढे पाहतो तर 'तबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणं आणि 'तबेते ओकु' म्हणजे खाऊन ठेवणं. क्रियापदही आपल्यासारखं गुमान वाक्याच्या शेवटी. बाईंनी फळ्यावर 'खात आहे' लिहिलं. मी वहीत खरं काय ते लिहिलं. नागपूरचं जपानशी नातं तसं होतंच: शेजारच्या कामठीला जपानी मदतीने उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर आहे, दीक्षाभूमीच्या शहरात भदंत सुरई ससाईंसारखे मूळचे जपानी भिक्षू वर्षानुवर्षं राहिले. आता व्याकरणातही सोयरीक निघाली म्हटल्यावर मी छाती काढून ऑक्टोबर २०१९ मध्ये टोकियोला उतरलो.

छाती दोन दिवस टिकली. पुस्तकातले जपानी लोक थांबून थांबून बोलतात, दुकानातले नाही. माझा सगळा संसार 'दाइजोबु', म्हणजे 'ठीक आहे, नको', या एका शब्दावर चालला होता. पिशवी हवी का? दाइजोबु. गरम करून देऊ? दाइजोबु. आठवडाभर थंड भात खाल्ला.

आणि वादळ आलं. जगासाठी ते हागिबिस, फिलिपिन्सच्या भाषेत वेग. जपानी लोक वादळांना शहर बससारखे नंबर देतात, तिथे ते नुसतं एकोणीस नंबरचं. शनिवारी, १२ तारखेला, ते येणार म्हणून रेल्वेने गाड्या बंद ठेवायचं आदल्या दिवशीच सांगून टाकलं. आपल्याकडे गाडी येईल तेव्हा खरी; इथे न येणारी गाडीसुद्धा वेळेवर. रग्बी वर्ल्ड कपमधला इंग्लंड-फ्रान्स सामना रद्द झाला, तेव्हा हे आपलं मे महिन्यातलं वावधन नव्हे, पत्रे उडवून अर्ध्या तासात निघून जाणारं, हे ध्यानात आलं.

दुकानात पाव नव्हता, पाणी नव्हतं. फक्त लाल वेष्टनातले जहाल तिखट नूडल्स शिल्लक होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. सावजीवर वाढलेल्या पोट्ट्यासाठी देवाने राखून ठेवल्यासारखे.

दुपारी फोन किंचाळला. संदेशातली मला तीनच अक्षरं येत होती: मोठा, पाणी, वर. वर जाऊ म्हटलं तर वरच राहत होतो. संध्याकाळी सहा-वीसच्या सुमारास खोली हलली. वाऱ्याने असेल म्हणालो; तो भूकंप होता, वादळात वेगळा. हाकोनेला त्या एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे जवळजवळ नागपूरचा अख्खा पावसाळा. नागानोत बुलेट ट्रेनचे १२० डबे पाण्यात उभे राहिले, देशभरात ऐंशीहून अधिक माणसं गेली. हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त खिडकीची काच दिसत होती. ती आत-बाहेर होत होती, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.

दार वाजलं. खालच्या घरमालकीण आजी, डोक्यावर रुमाल, हातात बॅटरी. त्यांनी न्हाणीघरातल्या टबाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मिझु ओ तामेते ओइते."

मिझु, पाणी. तामेते, साठवून. ओइते... ओकु... ठेव! पाणी भरून ठेव! जपानमध्ये आल्यापासून पहिलं अख्खं वाक्य कळलं होतं. मी इतका हसलो की आजींनी बॅटरी माझ्या तोंडावर मारून पाहिली.

टब भरत होता तेवढ्यात नागपूरहून आईचा फोन. टीव्हीवर पाहिलं असणार.

"पाणी भरून ठेवलं का रे?"

"ठेवलं."

"मंग आता काय करून राहिला?"

"नूडल्स खाऊन राहिलो."

"अन् पाऊस?"

"पडून राहिला."