ड्रॉवरमधलं संचालक मंडळ

सुरतच्या उधन्यातही आता सुशासनाचं प्रशिक्षण मिळतं. नाश्त्याला लोचो असल्यामुळे उपस्थिती चांगली असते. कंपनी सेक्रेटरी येतात, कारण त्यांना आपल्या संस्थेकडे ठरावीक क्रेडिट जमा करावे लागतात. कंपन्यांचे पगारी वकील येतात, कारण चेक बाउन्सच्या तारखेपेक्षा एसी हॉल बरा. शेठ मात्र येत नाहीत. ज्याचा कारभार सुधारायचा तो सोडून बाकीचे सगळे शहाणे होतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच पगारावर हजर होतात.

मुंबईहून वंदे भारतने आलेले वक्ते शाश्वतता अहवालावर दीड तास बोलतात. हा अहवाल बाजारमूल्याने देशातल्या पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बंधनकारक आहे. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय उद्योगनगरात लूमच्या खात्यावरच्या माळ्यावर असतं आणि खाली लूम सुरू असले की वर फोन ऐकू येत नाही. तरी सगळे मान डोलावून लिहून घेतात. न जाणो, उद्या शेठने आयपीओ काढला तर! तो काढला तरी बहुधा एसएमई बाजारात निघेल आणि तिथल्या छोट्या कंपन्यांना सेबीने कारभाराच्या बऱ्याच नियमांतून सूट दिलेली आहे. पण वही भरलेली असली की मनाला बरं वाटतं.

मागच्या दोन रांगा आमच्या खानदेशी पोरांच्या. बाप ताप्ती लाइनने शिंदखेडा-अमळनेरहून येऊन उधन्यात उतरला, लूमवर उभा राहिला, मीटरवर पैसे घेतले. पोरगं बी.कॉम. झालं, मग कंपनी सेक्रेटरी म्हणजे सीएस झालं. बाप कापडाचे ताके मोजायचा, पोरगं ठराव मोजतं. ताक्यात एक सोय होती. कापड विणल्याशिवाय ताका भरत नसे.

ठरावाचं तसं नाही. या पोराच्या टेबलाचा दुसरा ड्रॉवर उघडून बघा, आत अख्खं संचालक मंडळ पडलेलं असतं. डिजिटल सहीची पाच-सहा यूएसबी टोकनं, प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने नाव: मोटाभाई, नानाभाई, भाभी. पिन सगळ्यांचा एकच, एकपासून आठपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४२ वं कलम म्हणतं की सहीची किल्ली ज्याची त्याने नीट सांभाळावी. सांभाळलेली आहे. ड्रॉवरला कुलूप आहे.

कोरम म्हणाल तर एक तृतीयांश किंवा दोन संचालक, यातला जो आकडा मोठा तो. ड्रॉवरमध्ये कोरम कायम असतो. वर्षाला निदान चार सभा, दोन सभांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, सात दिवस आधी सूचना, सभा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ इतिवृत्तात. मोटाभाई आणि नानाभाई एकाच बंगल्यात राहतात, रात्री एकाच टेबलावर जेवतात आणि खरे निर्णय भाकरी-शाक चालू असतानाच होतात. तरी मोटाभाईची नानाभाईला सात दिवसांची सूचना ईमेलने जाते. ती पाठवतो सीएस, मोटाभाईच्या आयडीवरून. ती वाचतोही सीएसच, नानाभाईच्या आयडीवरून. इतका नियमित पत्रव्यवहार या दोन भावांत लहानपणापासून कधी झाला नसेल.

जेवणानंतरचं सत्र ‘स्वतंत्र संचालक’ या विषयावर असतं. इथे झोप आलेली माणसंही जागी होतात, कारण कायद्याने नातेवाइकांची जी यादी केली आहे, ती खानदेशातल्या कुठल्याही लग्नघरात वाचून दाखवावी अशी आहे. कायदा आणि २०१४ चे नियम मिळून नवरा-बायको, आई-बाप, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य हे नातेवाईक. मामा यादीत नाही. मेहुणा नाही. साडू नाही, व्याही नाही. ज्या मेहुण्याच्या मानपानावरून मांडवात तोंडं फिरतात, तो कायद्याच्या लेखी परका माणूस आहे. तेव्हा साडूने कंपनीशी देण्याघेण्याचा व्यवहार ठेवला नसला आणि बाकीच्या अटींत बसला, तर नात्याच्या कारणावरून त्याला कुणी उठवू शकत नाही. त्याने फक्त सरकारी डेटा बँकेत नाव घालावं आणि परीक्षा द्यावी. पास व्हायला आधी ६० टक्के लागत, २०२० मध्ये ५० केले आणि परीक्षेला कितीही वेळा बसता येतं. स्वातंत्र्य मिळवायची इतकी सवलत आपल्या आजोबांना नव्हती.

पगारी वकिलाची गोष्ट आणखी नाजूक. बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमाप्रमाणे पूर्ण वेळ पगार घेणाऱ्याला वकिली करता येत नाही, सनद गुंडाळून ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की वकील-अशिलाच्या गुप्ततेचं पूर्ण संरक्षणही या मंडळींना नाही. मार्केटमध्ये कुणाचं उठमणं, म्हणजे दिवाळं, झालं की शेठ यालाच आधी फोन करतो, सगळं पोट मोकळं करतो आणि वर बजावतो, ‘वकीलसाहेब, ये बात बाहर नहीं जानी चाहिए.’ वकीलसाहेब ‘हो’ म्हणतात. प्रशिक्षणात आल्यावर कळतं की त्या ‘हो’ला किती किंमत आहे.

चार वाजता सत्यमचा धडा. तो टाळून चालतच नाही. ‘सत्यम कॉम्प्युटर्स’ने कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार २००८ मध्ये घेतला आणि ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कळवलं की खात्यावरचे ५,०४० कोटी मुळात नाहीतच. त्या कंपनीला कंपनी सेक्रेटरी होता, लेखापरीक्षक होते, मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते. वक्ते विचारतात, ‘यातून काय शिकायचं?’ मागच्या रांगेतून हळूच उत्तर येतं, ‘पत्र लिहायचं नाही.’

हसण्यावारी नेलं तरी पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कायद्यात ‘कसूरदार अधिकारी’ म्हणून जी माणसं धरतात त्यांत कंपनी सेक्रेटरीही येतो. वार्षिक पत्रकं उशिरा भरली तर एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी पडते, ती कंपनी भरते. पण निबंधकांची नोटीस आली की तिच्यावर शेठच्या नावाखाली त्याचंही नाव असतं. उशीर शेठच्या सहीमुळे झाला, असंही सांगता येत नाही. सही याच्याच ड्रॉवरमध्ये होती.

‘इतिवृत्ताचं पावित्र्य’ हे शेवटचं सत्र सुरू होतं आणि फोन थरथरतो. बँकेला कर्जासाठी बोर्डाचा ठराव हवाय, आत्ता, तारीख गेल्या शुक्रवारची. पोरगं वाकून हॉलबाहेर पडतं, मोटरसायकलवरून दहा मिनिटांत उद्योगनगर गाठतं, कुलूप काढतं. गेल्या शुक्रवारी सकाळी अकराला सभा सुरू होते, अकरा चाळीसला संपते, भाभींची गैरहजेरी मंजूर होते. कर्जाचा ठराव एकमताने पास होतो. पण एका विषयासाठी चाळीस मिनिटं जास्त दिसतात, म्हणून तो खाली आणखी एक मुद्दा टंकतो: कंपनी सेक्रेटरी पुढील आठवड्यात सुशासनाच्या प्रशिक्षणाला जात असल्याची मंडळाने नोंद घेतली व समाधान व्यक्त केले.